पाण्याकडे तोंड करून बसलेली लेन्स: जळगावातील एका गढूळपणा-मापकाचे प्रकरण

प्रसंग

ठिबकाच्या नळीत गाळ शिरला की त्याचा फटका शेतकऱ्याला उशिराच कळतो. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेत एखादा ड्रिपर चोंदला, तर ते झाडाच्या पानावर दिसेपर्यंत त्याच लॅटरलवरचे (ड्रिपर बसवलेल्या उपनळीवरचे) आणखी कितीतरी ड्रिपर अर्धेमुर्धे बंद झालेले असतात. पावसाळ्यात तापीचे पाणी गढूळ येते, सँड फिल्टर वेळेवर बॅकवॉश केला नाही, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला नाही, तर तो गाळ पुढे सोडू लागतो, आणि बॅकवॉश केव्हा करायचा याचा निर्णय बहुतेक ठिकाणी अंदाजानेच होतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखानदाराने या अंदाजाच्या जागी मोजमाप आणायचे ठरवले आणि फिल्टरच्या पुढे मेन लाइनवर बसवता येईल असा गढूळपणा-मापक तयार करायला घेतला. कारखान्याचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही. भौतिकशास्त्राच्या बाजूने सल्ला देण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे या प्रकरणातील प्रकाशीय भागाचा प्रवास मला जवळून पाहता आला.

मापकाचे तत्त्व जुने आणि पक्के आहे. पाण्यात प्रकाशाचा एक बारीक झोत सोडायचा आणि त्या झोताशी ९० अंशांचा कोन करून किती प्रकाश विखुरला जातो ते मोजायचे. गाळाचे कण जितके अधिक, तितके विकिरण अधिक. आयएसओ ७०२७ या मानकात यासाठी ८६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश सांगितला आहे, कारण पाण्याच्या रंगाचा परिणाम त्यावर कमी होतो. कारखानदाराने प्रकाशस्रोत आणि सर्किट हे दोन्ही नळीपासून दूर, सावलीतल्या पेटीत ठेवले आणि प्रकाश २०० मायक्रोमीटर गाभ्याच्या ऑप्टिकल फायबरमधून नळीपर्यंत आणला, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. खानदेशात मे महिन्यात हवेचे तापमानच ४५ अंशांवर जाते. उन्हात पडलेल्या काळ्या नळीजवळ इलेक्ट्रॉनिक्स बसवणे म्हणजे बिघाडाला निमंत्रण देणे होय.

बिघाड झाला तो फायबरच्या टोकाशी. फायबरमधून निघणारा प्रकाश पसरत जातो, त्याला समांतर करण्यासाठी एक लहान लेन्स लागते, आणि पहिल्या नमुन्यांमध्ये बाजारातून आणलेली लेन्स, काचेची खिडकी आणि फायबर हे तीन भाग इपॉक्सी या चिकटपदार्थाने एकमेकांना जोडलेले होते. उन्हाळ्यात ही जोडणी टिकली नाही. इपॉक्सी तापल्यावर काचेच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावते आणि रात्री आकुंचन पावताना काचेला ओढते. ठिबकाच्या नळीतून अॅसिड ट्रीटमेंटही होते, क्लोरीनही सोडले जाते आणि विद्राव्य खतेही जातात; ज्या ठिकाणी चिकटपदार्थाची कडा पाण्याला लागून होती तिथून ओल आत शिरली आणि लेन्सच्या मागे धुके धरले. त्याहून त्रासदायक बाब म्हणजे फायबर जागेवरून किंचित सरकले. २ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्समागे फायबर ५० मायक्रोमीटर सरकले, तर हवेत झोत जवळजवळ दीड अंशाने कलतो, आणि पाण्यात शिरल्यावरही सुमारे एक अंशाचा कल उरतो. झोत आणि ग्राहक (विखुरलेला प्रकाश टिपणारा भाग) यांच्या भेटीची जागाच बदलल्यामुळे मापक गढूळपणाऐवजी स्वतःची ढिलाई मोजू लागला.

म्हणून कारखानदाराने मागणी स्पष्ट शब्दांत मांडली: प्रकाशाच्या वाटेत आणि पाण्याच्या सान्निध्यात चिकटपदार्थ नको, आणि फायबरची जागा लेन्सच्या अक्षाशी कायमची बांधलेली हवी.

पाण्यात लेन्सचे काय होते

पहिली सूचना अशी आली की एकाच काचेच्या तुकड्याच्या पाण्याकडील तोंडावर बहिर्वक्र लेन्स घडवावी आणि मागच्या बाजूने फायबरसाठी भोक पाडावे. तुकडा एक, जोड शून्य. कागदावर हे चित्र इतके सुटसुटीत दिसते की त्यातील अडचण आकडेमोड केल्यावाचून नजरेत भरत नाही.

लेन्सची ताकद तिच्या वक्रतेइतकीच दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील (प्रकाश किती वळवतात त्याच्या मापांतील) फरकावरही अवलंबून असते. फ्यूज्ड सिलिका, म्हणजे शुद्ध सिलिकॉन डायऑक्साइडची काच, हिचा अपवर्तनांक ८६० नॅनोमीटरला सुमारे १.४५२ आहे. समोर हवा असेल तर फरक ०.४५२ भरतो, समोर पाणी असेल तर पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे तो ०.१२२ इतकाच उरतो. म्हणजे लेन्स पाण्यात उतरताच तिची जवळजवळ तीन-चतुर्थांश ताकद जाते. ०.९ मिलिमीटर वक्रता-त्रिज्येचा पृष्ठभाग हवेत असताना फायबरचे टोक त्याच्यापासून काचेत २.९ मिलिमीटरवर ठेवले की झोत समांतर होतो; तोच पृष्ठभाग पाण्यात असेल तर हे अंतर १०.७ मिलिमीटर होते. अंतर २.९ मिलिमीटरच ठेवायचे म्हटले, तर वक्रता-त्रिज्या ०.२४ मिलिमीटरपर्यंत खाली आणावी लागते, आणि एवढ्या त्रिज्येचा पूर्ण गोल घेतला तरी त्याची रुंदी अर्धा मिलिमीटरसुद्धा होत नाही. फायबरमधून पसरत आलेला झोत मात्र तिथवर पोहोचताना सुमारे १.१ मिलिमीटर रुंद झालेला असतो. अशी लेन्स घडवणेच शक्य नाही.

यावरून पुढच्या सगळ्या कामाला दिशा देणारी अट निघाली. वक्र पृष्ठभागासमोर हवा असली पाहिजे आणि पाण्यासमोर सपाट काच असली पाहिजे. म्हणजेच लेन्स काचेच्या आत, एका बंद हवेच्या कप्प्यात असली पाहिजे. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. लेझरने काचेत सूक्ष्म घटक घडवण्याची पद्धत नवी आणि आकर्षक असल्यामुळे ती कुठेही वापरावीशी वाटते, पण लेन्सचे तोंड हवेकडे असते तर साच्यात दाबून घडवलेली काचेची लेन्स स्वस्तही पडली असती आणि चांगलीही. येथे ही पद्धत विचारात घ्यावी लागली ती पृष्ठभाग बंदिस्त असण्याच्या अटीमुळे.

गावातले लेझर

बाहेर जाण्याआधी जवळ जे होते ते वापरून पाहणे साहजिक होते. जळगावात पाइपांवर आणि धातूच्या भागांवर अक्षरे उमटवणारी फायबर लेझर मार्किंगची यंत्रे आहेत. अशा एका जॉबवर्कच्या दुकानात फ्यूज्ड सिलिकाची एक चकती ठेवून पाहिली. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच घडले नाही. शक्ती वाढवल्यावर एका ठिकाणी ठिणगी दिसली आणि काचेवर पांढरट ओरखड्यांचा पुंजका उमटला. यंत्र चालवणारा तरुण म्हणाला, “सर, काच कापली जात नाहीये, नुसती पिचतेय.” त्याचे निरीक्षण अचूक होते.

या यंत्रांतील प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा असतो आणि सिलिका त्याला जवळजवळ पूर्णपणे पारदर्शक असते. शोषण सुरू होते ते धुळीच्या कणापाशी, खरवडलेल्या जागी किंवा एखाद्या अशुद्धीपाशी, म्हणजे कुठे सुरू होईल ते चालवणाऱ्याच्या हातात नसते. एकदा सुरू झाले की सुमारे १०० नॅनोसेकंदांच्या स्पंदातील, म्हणजे प्रकाशाच्या एका ठोक्यातील, उरलेली ऊर्जा त्या एका ठिकाणी कोसळते आणि काच तडकते. जत्रेत किंवा देवस्थानाजवळच्या दुकानांत काचेच्या ठोकळ्यात आतून उमटवलेली मूर्तींची चित्रे मिळतात, त्यांतील प्रत्येक बिंदू असाच एक लहानसा तडा असतो. चित्रासाठी तडा चालतो, लेन्ससाठी नाही.

अॅक्रिलिक कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरवरही एक प्रयत्न झाला. त्याची १०.६ मायक्रोमीटरची तरंगलांबी काच उत्तम शोषते, पण वरच्या काही दहा मायक्रोमीटरांच्या थरातच. त्यामुळे काचेच्या आत काही घडवणे त्याला शक्य नाही. या प्रयत्नातून एक उपयुक्त गोष्ट मात्र हाती लागली. खिडकीची साधी काच त्या उष्णतेने लगेच तडकली, तर फ्यूज्ड सिलिका शाबूत राहिली आणि जिथे लेझर फिरला तिथे ती गुळगुळीत झाली. साध्या काचेचे प्रसरण दर अंशाला दहा लाखात सुमारे ९ भाग असते आणि फ्यूज्ड सिलिकाचे ०.५५ भाग, म्हणजे सुमारे सोळापट कमी. ही नोंद पुढे फार कामी आली.

फेम्टोसेकंद स्पंद काचेत काय करतो

काम शेवटी बाहेरच्या एका संशोधन प्रयोगशाळेकडे गेले, जिथे १०३० नॅनोमीटरचा फेम्टोसेकंद लेझर उपलब्ध होता. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर पंधरा शून्ये इतकावा भाग. इतके आखूड स्पंद पुरेशा शक्तीने मिळू लागले ते १९८५ साली डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी मांडलेल्या पद्धतीमुळे, ज्यात स्पंद आधी ताणून लांब केला जातो, मग वर्धित केला जातो आणि शेवटी पुन्हा आखडला जातो. त्यासाठी या दोघांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९९६ मध्ये जपानमधील डेव्हिस, मिउरा, सुगिमोटो आणि हिराओ यांनी अशा स्पंदांनी काचेच्या आत प्रकाशवाहिनी, म्हणजे प्रकाश धरून नेणारी बारीक वाट, लिहिता येते हे दाखवले, आणि तेथून या क्षेत्राची वाट खुली झाली.

आकडे शेजारी शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो. मार्किंगच्या यंत्राचा एक स्पंद साधारण १ मिलिज्यूलचा आणि १०० नॅनोसेकंदांचा, म्हणजे त्याची शक्ती १० किलोवॅट. प्रयोगशाळेतील स्पंद ०.३ मायक्रोज्यूलचा आणि ३०० फेम्टोसेकंदांचा, म्हणजे शक्ती १ मेगावॅट. ऊर्जा तीन हजार पटींहून कमी असूनही शक्ती १०० पट अधिक आहे. ०.४ संख्यात्मक द्वारकाच्या (प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो त्याचे माप) वस्तुभिंगाने हा स्पंद सुमारे १.६ मायक्रोमीटर रुंदीच्या ठिपक्यावर एकवटला की तिथे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४७ लाख कोटी वॅट इतकी तीव्रता क्षणभर निर्माण होते.

या तीव्रतेला काच पारदर्शक राहत नाही. सिलिकाचे ऊर्जा-अंतर, म्हणजे तिच्यातील इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्टचे आहे आणि १०३० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.२ इलेक्ट्रॉन व्होल्टची, त्यामुळे एकटा फोटॉन काही करू शकत नाही. पण आठ फोटॉन एकाच वेळी शोषले गेले तर इलेक्ट्रॉन मोकळा होतो. अशी घटना नाभीपाशीच, जिथे फोटॉनांची दाटी कमाल असते तिथेच घडते. वरची काच तशीच राहते, खालची तशीच राहते, आणि बदल होतो तो मधल्या काही मायक्रोमीटर जागेत. इलेक्ट्रॉनांकडून काचेच्या जाळीकडे उष्णता जायला पिकोसेकंद लागतात आणि तोवर स्पंद संपून गेलेला असतो, म्हणून आजूबाजूचा भाग तडकत नाही. अशुद्धीची वाट पाहावी लागत नाही, हाही मोठा फायदा आहे. शोषण कुठे व्हावे ते आता चालवणारा ठरवतो.

ऊर्जा थोडी कमी ठेवली तर काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो, आणि प्रकाशवाहिन्या याच टप्प्यावर लिहितात. खूप वाढवली तर पोकळी तयार होते. या दोहोंच्या मध्ये एक विलक्षण टप्पा आहे: काचेत नॅनोमीटरांच्या मापाच्या समांतर पाकळ्या तयार होतात आणि त्या लेझरच्या ध्रुवीकरणाच्या (प्रकाशातील विद्युत कंपनाच्या) दिशेला लंब असतात. २००३ मध्ये शिमोत्सुमा आणि सहकाऱ्यांनी या रचनेचे वर्णन केले. आपल्या कामासाठी तिचे महत्त्व असे की हा बदललेला भाग रसायनात मूळ काचेच्या शेकडो पट वेगाने विरघळतो. म्हणजे हव्या त्या आकाराचा नुसता पृष्ठभाग लेझरने काचेत लिहायचा, तुकडा रसायनात बुडवायचा, आणि लिहिलेली सीमा विरघळली की आतला नको असलेला तुकडा सुटून बाहेर येतो. पाकळ्या लिहिण्याच्या दिशेला समांतर असतील तर रसायन त्यांच्यामधून आत शिरते. त्यासाठी ध्रुवीकरण लिहिण्याच्या दिशेला लंब ठेवावे लागते. ते उलटे ठेवले तर तोच लेझर, तीच ऊर्जा आणि तेच रसायन असूनही एचिंग, म्हणजे रसायनाने काच विरघळवणे, रखडते.

रसायनाची निवड करताना हायड्रोफ्लोरिक आम्लाचा विचार सोडून देण्यात आला. ते काचेवर झटपट चालते, पण त्वचेतून आत जाऊन शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, आणि त्याच्या अपघातावर वेळेत उपचार होतील अशी सोय हाताशी असल्याखेरीज ते हाताळणे मला समर्थनीय वाटत नाही. त्याऐवजी ८५ अंशांच्या आसपास तापवलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण वापरले. ते सावकाश चालते, पण न लिहिलेल्या काचेला फारच कमी लागते, त्यामुळे लांब भोकांचे तोंड रुंदावण्याचा दोष कमी राहतो. गरम अल्कली डोळ्यांना घातक असते हे वेगळे सांगायला नको.

आखणी

तुकडा ४ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ५ मिलिमीटर लांब ठरला. एका टोकाकडून २ मिलिमीटर खोल आणि ०.२३ मिलिमीटर व्यासाचे फायबरचे भोक, मग लेन्सच्या माथ्यापर्यंत २.९ मिलिमीटर अखंड काच, तिथे १.२ मिलिमीटर व्यासाची लेन्स, आणि तिच्यापुढे दुसऱ्या टोकाला उघडणारा कप्पा. लेन्सची उंची ०.२३ मिलिमीटर भरते. तिचा माथा टोकाच्या पातळीपेक्षा ०.०५ मिलिमीटर आत ठेवला.

प्रयोगशाळेतील सहकाऱ्याने तुकडा आडवा ठेवून बाजूने लिहिण्याचा सल्ला दिला, आणि त्या सल्ल्याने दोन कामे साधली. उभ्याने लिहिले असते तर भोकाच्या तळापर्यंत सुमारे तीन मिलिमीटर काचेतून लेझर न्यावा लागला असता, आणि इतक्या खोलीवर गोलीय दोषामुळे (सगळे किरण एकाच बिंदूत न जुळण्यामुळे) नाभी लांबट होऊन ऊर्जा विखुरते. आडव्या मांडणीत अक्ष केवळ २ मिलिमीटर खोल येतो, जिथे वस्तुभिंगावरच्या दुरुस्ती-कड्याने हा दोष आवरता येतो. दुसरे असे की भोक आणि लेन्स हे दोन्ही तुकडा न हलवता एकाच बैठकीत लिहिता आले. पहिल्या नमुन्यांत ज्या जुळणीसाठी माणूस सूक्ष्मदर्शकाखाली फायबर सरकवत बसत असे, ती जुळणी आता यंत्राच्या निर्देशांकांतच आली.

लेन्सचा आकार गोलाचा न ठेवता दीर्घवर्तुळाचा ठेवला. काचेतील एका बिंदूपासून निघालेले किरण हवेत अचूक समांतर करणारा पृष्ठभाग दीर्घवर्तुळापासून बनतो, आणि त्याची विकेंद्रता (लांबटपणाचे माप) अपवर्तनांकाच्या व्यस्ताइतकी, येथे ०.६९, असावी लागते. घासून लेन्स बनवणाऱ्याला गोल सोपा आणि दीर्घवर्तुळ कठीण. लेझरला दोन्ही सारखेच, कारण त्याला केवळ बिंदूंची यादी हवी असते. फायबरच्या गाभ्याला रुंदी असल्यामुळे झोत पूर्ण समांतर होत नाही. हवेत तो अक्षापासून सुमारे २.९ अंश आणि पाण्यात २.२ अंश पसरतो. नळीच्या रुंदीत हे पसरणे चालण्यासारखे होते.

खडबडीतपणाचा प्रश्न

एचिंगनंतर पहिला तुकडा हाती आला तेव्हा आकार हवा तसा होता, पण लेन्स पारदर्शक नव्हती. घासलेल्या काचेसारखी दुधाळ होती. लेझरच्या एका ओळीपासून दुसरी ओळ २ मायक्रोमीटरवर असते आणि पाकळ्यांचीही आपली खूण उरते, त्यामुळे अशा पृष्ठभागावर १०० नॅनोमीटर किंवा त्याहून अधिक खडबडीतपणा राहतो.

दुसऱ्या एखाद्या कामात हे खपून गेले असते. येथे मुळीच चालणारे नव्हते, कारण हे उपकरण विखुरलेला प्रकाशच मोजते. १०० नॅनोमीटर खडबडीत पृष्ठभागातून काचेतून हवेत जाताना ८६० नॅनोमीटरचा जवळजवळ ११ टक्के प्रकाश इतस्ततः विखुरतो. खडबडीतपणा १० नॅनोमीटरवर आणला तर हेच प्रमाण ०.१ टक्क्यावर येते. स्वच्छ पाण्यातून ९० अंशांत येणारा प्रकाश अतिशय थोडा असतो. लेन्सवर विखुरलेला प्रकाश काचेत आणि नळीच्या भिंतींवर आपटत ग्राहकापर्यंत पोहोचला, तर विहिरीचे निवळशंख पाणीसुद्धा गढूळ असल्याची नोंद होईल. हा हिशेब मांडल्यावर खडबडीतपणा हीच या प्रकरणाची खरी कसोटी ठरली.

उपाय माहीत होता. कार्बन डायऑक्साइड लेझरने पृष्ठभागाचा पातळ थर क्षणभर मऊ केला की पृष्ठताण त्याला सपाट करून टाकतो. जळगावातल्या यंत्रावर चकती गुळगुळीत झाली ती याच कारणाने. पण हा प्रकाश काचेच्या वरच्या थरातच संपतो, म्हणून पूर्ण बंद कप्प्यातल्या लेन्सपर्यंत तो पोहोचू शकत नाही. कप्पा काचेच्या आत बंद असावा ही अट आणि लेन्स बाहेरून वितळवता यावी ही गरज या दोन्ही गोष्टी एका अखंड तुकड्यात बसत नव्हत्या.

तेव्हा अखंड तुकड्याचा आग्रह सोडण्यात आला, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत समंजस निर्णय तो होता. कप्पा एका टोकाला उघडा ठेवायचा, लेन्स त्या उघड्या तोंडातून गुळगुळीत करायची, आणि मग १ मिलिमीटर जाडीची सिलिकाची सपाट खिडकी त्या तोंडावर ठेवून फेम्टोसेकंद लेझरनेच वेल्ड करायची. दोन पारदर्शक काचा अशा स्पंदांनी जोडता येतात हे जपानमधील तामाकी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले होते. नाभी दोन काचांच्या सीमेवर ठेवायची, दर सेकंदाला दहा लाखांच्या गतीने स्पंद सोडायचे, म्हणजे एका स्पंदाची उष्णता निघून जाण्याआधी दुसरा येतो, सीमेवरची काच तेवढ्यापुरती वितळते आणि एक होते. मूळ मागणी चिकटपदार्थ नको अशी होती. जोड नको अशी ती कधीच नव्हती.

फायबरच्या भोकाचा तळ मात्र खडबडीतच राहिला, कारण तिथवर दुसरा कोणताही लेझर पोहोचत नाही. तिथे काचेच्या अपवर्तनांकाशी जुळणारे सिलिकॉन जेल भरले. अपवर्तनांकातला फरक ०.०१ इतका खाली आला की तोच १०० नॅनोमीटर खडबडीतपणा हजारात एक भागही प्रकाश विखुरत नाही. फायबरला मागून धरून ठेवणारा चिकटपदार्थ तेवढा उरला. तो कोरड्या बाजूला आहे आणि प्रकाशाच्या वाटेत नाही.

सोडियम दिव्याखाली

वेल्डिंगची अट कडक आहे. दोन काचांमधील फट लेझरच्या पाव तरंगलांबीहून, म्हणजे सुमारे ०.२६ मायक्रोमीटरहून, कमी असावी लागते. नाहीतर वितळलेली काच फटीत ओढली जाते आणि तडा जातो. आणि नेमकी येथेच गुळगुळीत करण्याच्या कामाने नवी अडचण उभी केली. लेन्स वितळवताना कप्प्याच्या कडेची काचही थोडी मऊ झाली आणि पृष्ठताणाने तिथे बारीक उंचवटा तयार झाला. डोळ्यांना तो दिसत नव्हता, पण खिडकी ठेवली की ती त्या कड्यावर तरंगत होती.

हे शोधून काढायला महागडे यंत्र लागले नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्यूटनच्या वलयांच्या प्रयोगासाठी सोडियमचा दिवा असतोच. तुकडा खाली, खिडकी वर, आणि पिवळ्या प्रकाशात वरून पाहायचे. सोडियमची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर असल्यामुळे व्यतिकरणाचा (दोन काचांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी मिसळल्याने दिसणारा) एक काळा पट्टा ओलांडला की दोन काचांमधील फट सुमारे ०.२९ मायक्रोमीटरने बदलते. कप्प्याभोवती दाट, एकमेकांना चिकटून गेलेली वलये दिसली आणि कडेकडे ती विरळ होत गेली. उंचवटा कुठे आणि किती, हे सगळे त्या वलयांत वाचता आले. वेल्डिंगची अट एका पट्ट्याइतक्या फटीपेक्षाही कडक आहे, म्हणून कसोटी साधी ठरली: वेल्ड करायच्या जागेत एकही पट्टा दिसता कामा नये.

क्रम बदलला. आधी एचिंग, मग लेन्सचे वितळकाम, आणि त्यानंतर टोकाचा पृष्ठभाग सिरियम ऑक्साइडने सपाट पट्टीवर घासून पुन्हा तयार करायचा. लेन्सचा माथा ०.०५ मिलिमीटर आत ठेवलेला असल्यामुळे टोकाचे २० मायक्रोमीटर गेले तरी लेन्सला धक्का लागत नव्हता. हे घासकाम जळगावातच झाले. एका चष्म्याच्या कारागिराने, ज्याला काचेच्या कडा घासण्याचा अनेक वर्षांचा सराव होता, ते हाती घेतले. तुकडा पट्टीवर आठच्या आकड्यात फिरवायचा, दर थोड्या वेळाने धुऊन दिव्याखाली धरायचा, पट्टे मोजायचे, आणि ज्या बाजूला ते दाट आहेत तिथे दाब वाढवायचा. शेवटी खिडकी ठेवल्यावर पट्टे पसरत पसरत नाहीसे झाले आणि दोन्ही काचा हवेच्याच दाबाने एकमेकींना धरून बसल्या. तुकडा उचलला तरी खिडकी पडली नाही. अशा अवस्थेत तो वेल्डिंगला गेला.

यंत्राचा वेळ

प्रयोगशाळेतील यंत्राचा वेळ तासावर मोजला जातो, त्यामुळे कुठल्या पृष्ठभागाला किती मिनिटे लागतात हे पाहणे भाग होते. ओळींमध्ये २ मायक्रोमीटर अंतर आणि सेकंदाला २ मिलिमीटर वेग धरला, तर लेन्सच्या १.३ चौरस मिलिमीटर पृष्ठभागाला सुमारे साडेपाच मिनिटे लागतात. पहिल्या आखणीत लेन्सभोवतीचा कप्पा ३ मिलिमीटर व्यासाचा होता. त्याच्या तळाच्या कड्याला जवळपास २५ मिनिटे आणि भिंतीला ११ मिनिटे लागत होती. म्हणजे लेन्सपेक्षा तिच्याभोवतीची रिकामी जागाच महाग पडत होती. कप्पा १.६ मिलिमीटरवर आणल्यावर तळ पावणेचार मिनिटांत आणि भिंत सहा मिनिटांत उरकली, आणि ४१ मिनिटांचे काम १५ मिनिटांवर आले. फायबरच्या भोकाची सहा मिनिटे यात वेगळी धरायची. एचिंगला रात्रभर लागते, पण एका भांड्यात बरेच तुकडे एकदम बसतात आणि त्या वेळेत लेझर मोकळा असतो.

कप्पा लहान केल्याने आणखी दोन गोष्टी साधल्या. वेल्डिंगसाठी कडेला अर्ध्या मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटर रुंद जागा मिळाली, त्यामुळे एकाआड एक अशा अनेक वेल्डच्या रेघा घेता आल्या. आणि खिडकीवरचा ताण कमी झाला: ठिबकाच्या नळीत २.५ किलो दाब धरला तर १.६ मिलिमीटर कप्प्यावरच्या १ मिलिमीटर जाड काचेत सुमारे ०.२ मेगापास्कल ताण येतो, जो काचेच्या सहनशक्तीच्या मानाने नगण्य आहे. पंप अचानक बंद झाल्यावर नळीत बसणारा पाण्याचा हादरा याच्या चौपट धरला तरी चिंता नाही.

सध्याची स्थिती

वेल्ड केलेल्या तुकड्यांनी उन्हात तापवणे आणि पाण्यात थंड करणे हे चक्र न गळता सहन केले आहे. आम्लाच्या पाण्याने खिडकीवर परिणाम झालेला नाही, जे अपेक्षितच होते, कारण ठिबकात वापरल्या जाणाऱ्या फॉस्फोरिकसारख्या आम्लांना सिलिका दाद देत नाही. खिडकीवर साचणारे शेवाळ आणि क्षाराचा पापुद्रा हा प्रश्न मात्र लेन्सने सुटणारा नाही. त्यासाठी कारखानदार दुसऱ्या, गाळाच्या वाटेबाहेर असलेल्या संदर्भ-झोताचा विचार करीत आहे, म्हणजे खिडकी मळल्याने घटलेला प्रकाश आणि पाण्यामुळे विखुरलेला प्रकाश वेगवेगळे ओळखता येतील.

कामाची वाटणीही आता ठरली आहे. सिलिकाचे ठोकळे कापणे, टोके घासणे आणि दिव्याखाली तपासणे जळगावात होईल. लेखन, एचिंग आणि वेल्डिंग प्रयोगशाळेत होईल. वितळकामासाठी जळगावातल्याच कार्बन डायऑक्साइड लेझरच्या यंत्राला शक्तीवर अधिक बारीक ताबा देणारा नियंत्रक जोडण्याची तयारी चालू आहे, कारण वितळताना लेन्सची वक्रता थोडी बदलते आणि ती दर तुकड्याला सारखीच बदलली तरच लिहिण्याच्या आकारात आधीपासून तेवढी भरपाई ठेवता येईल. पुढच्या खेपेचे ठोकळे कापून झाले आहेत. त्यांतील काहींवर मुद्दाम वेगवेगळ्या वक्रतेच्या लेन्स लिहून वितळण्याआधीचा आणि नंतरचा आकार ताडून पाहायचा आहे.